‘विसावा’तलं वायफाय शटडाऊनवर

“नेट नाही म्हणते पोट्टा. मी लगन करून या घरात आली, तवा का नेट पाहून आली होती?” अंजनाबाई कणकेशी बोलत होत्या. कणीक उलट उत्तर देत नव्हती, म्हणून तिला आणखी एक बुक्की बसली. “सांगा म्हणा महालक्ष्म्यांलेच. बायांनो, औंदा जिथी नेट असन तिथीच उतरा.”

पंजाबरावांना हे सगळं ऐकू येत होतं, कारण ते त्या वेळी त्यांच्या पायांशी, बेसिनखाली, गळक्या पाइपाचा वायसर बदलत उताणे पडले होते. बायको आपल्याला नव्हे, कणकेला बोलते आहे असं समजून पडून राहणं शक्य होतं. सदतीस वर्षं पोलाद प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये काढलेल्या माणसाला आवाजाखाली पडून राहायची सवय असतेच. पण दहा मिनिटांपूर्वी गच्चीवर आलेला फोन त्यांनीही ऐकला होता. मुलगा अभिनव हैदराबादहून बोलत होता. सून भाग्यश्री आणि नऊ वर्षांची नात हर्षा यांना घेऊन तो यंदाही महालक्ष्म्यांना येणार नव्हता. हे तिसरं वर्ष. कारण त्यानं हिंदीत सांगितलं. अवघड गोष्टी तो हिंदीतच सांगत असे. “बाबा, मैं तो पंद्रह दिन आके रहता. वहीं से काम कर लेता. लेकिन आपके यहाँ नेट ही नहीं है.”

पंजाबराव बेसिनखालून बाहेर निघाले. निघताना डोकं आपटलं, पण ठरवलेल्या माणसाला तेवढं चालतं.

“किती दिवस हायेत महालक्ष्म्यांले?”

“सव्वीस.”

“मी नेट आणतो.”

अंजनाबाईंनी कणकेवर ओला फडका टाकला. हा वायसर आणायला तुम्हाला दोन वर्षं लागली, असं त्या म्हणाल्या नाहीत. फडका ज्या रीतीनं पडला त्यात ते आलं.

‘विसावा’ ही दुर्गजवळच्या जुनवानीच्या बाजूची सोसायटी निव्वळ निवृत्तांसाठी बांधलेली आहे. दोन ब्लॉक, सोळा घरं, मधोमध एक समाजभवन. न्हाणीघरात धरायला दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार, आणि बिल्डरच्या रंगीत पत्रकात सगळ्यांत मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण शांतता’. बिल्डर लोकांची वचनं आपल्याला ठाऊक असतात. याने मात्र हे एक पाळलं. भिंती इतक्या जाड घातल्या की गोंगाटाबरोबर मोबाइलचा सिग्नलही बाहेरच राहिला. फोन करायचा तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. संध्याकाळी सातला तिथे आठ-दहा म्हातारी माणसं मोबाइल धरलेला हात उंच करून उभी असत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, गुरुजींकडे लघवीची सुट्टी मागताहेत.

एकेका घरात नेट घ्यायला केबलवाली कंपनी तयार नव्हती. खांब पलीकडच्या रस्त्याला, सोळा वायरी कोण ओढणार? एक जाड वायर समाजभवनापर्यंत आणून देऊ, तिथे मोठा डबा बसवू, दोन्ही ब्लॉकमध्ये छोटे डबे, आणि मग सगळ्यांनी मिळून वापरा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नेट हवं तर सोळा घरांचं एकमत हवं. ‘विसावा’त यापूर्वी एकमत एकदाच झालं होतं, ते वॉचमनला काढण्यावर. तो स्वतःहूनच सोडून गेला होता, पण एकमत झालं ते झालं.

सभा भरली. अध्यक्ष मारोतराव भुरे झाले, कारण हात असलेली खुर्ची समाजभवनात एकच आहे आणि ते ती अर्धा तास आधी येऊन पकडतात. मारोतराव रेल्वेत गार्ड होते. दुर्ग लाइनवर त्यांची हयात गेली, आणि हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होऊ नये, असं त्यांचं अजूनही मत आहे. नेट कशाला हवं, यावर प्रत्येकानं आपापलं कारण दिलं. कुणाला पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरबसल्या द्यायचा होता, कुणाला डॉक्टरला पडद्यावर जीभ दाखवायची होती. गणिताच्या निवृत्त शिक्षिका बेबीताई हटवार यांनी ज्ञानाची कवाडं वगैरे शब्द वापरले आणि स्वतःच दोनदा मान हलवली. यातलं एकही कारण खरं नव्हतं, पण मिनिटबुकात लिहायला बरं होतं.

खरं कारण चहाच्या वेळी निघालं. मारोतरावांचा मोहित बंगलोरला. तो म्हणे तडफडतो यायला, पण नेट नाही. बेबीताईंची टीना पुण्याला. तिचं तर सामान भरूनच ठेवलेलं असतं, फक्त नेटपाशी अडतं. एक्याऐंशी वर्षांच्या मनकर्णाबाई सोसायटीत सगळ्यांत वडील. त्यांचा प्रवीण रायपूरला राहतो. जुनवानीहून रायपूर तासाभराच्या वाटेवर आहे. तोही नेट नाही म्हणूनच येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि बशीत ओतलेला चहा सगळ्यांनी एकदम तोंडाला लावला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. ‘विसावा’तल्या सोळा घरांच्या पोरांचं आपल्या आईबापांवर अलोट प्रेम आहे आणि मधे फक्त एक वायर कमी आहे, असा त्याचा अर्थ होता. तसं लिहिलं मात्र नाही.

कंपनीला बिल्डरची ना-हरकत लागत होती. बिल्डरनं आता घरं सोडून रसमड्याला गोदामं बांधायला घेतली होती, म्हणून पंजाबराव स्कूटरवर रसमड्याला गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं, ना-हरकत देतो, पण सोसायटीच्या शिक्क्याचा ठराव आणा. पंजाबरावांनी सांगितलं, सोसायटीचा शिक्का बिल्डरनं आमच्या हवाली केलेलाच नाही, तो तुमच्याकडे आहे. कारकुनानं खण दाखवला. शिक्का त्याच खणात होता, किल्ली साहेबांकडे आणि साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, शाईचा पॅड वाळलेला होता. तिसऱ्या दिवशी पंजाबराव स्वतःचा पॅड घेऊन गेले. कारकुनानं शिक्का मारला, त्याच शिक्क्याच्या आधारावर ना-हरकत दिली, आणि विचारलं, “इस उमर में नेट का क्या करोगे, दादा?” पंजाबरावांनी त्याला इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समधलं आपलं शेवटचं पद सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मग अंगठा. कनेक्शन ज्याच्या नावानं घ्यायचं त्याचा अंगठा यंत्रावर उमटावा लागतो. पंजाबरावांनी डावा ठेवला, उजवा ठेवला, मग सगळी बोटं ओळीनं ठेवली. यंत्र प्रत्येक वेळी लाल होऊन किंकाळी मारी. सदतीस वर्षं केबल, ग्रीस आणि सोड्यानं धुतलेल्या त्या बोटांवर एकही रेघ उरली नव्हती. काउंटरवरची मुलगी दयेनं म्हणाली की अंकल, मशीनच्या हिशेबानं तुम्ही नाहीच आहात. प्लांटमधून निवृत्त झालेल्या आणखी चौघांना नेलं, त्यांची बोटं तर आरशासारखी. शेवटी मारोतरावांचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला. आयुष्यभर झेंडी धरणाऱ्याच्या अंगठ्याला काय होणार, असं पंजाबराव घरी येऊन तीनदा म्हणाले. धावपळ पंजाबरावांची, स्कूटरचं पेट्रोल पंजाबरावांचं, आणि कनेक्शन मारोतराव भुरे यांच्या नावानं. त्या रात्री त्यांनी जेवताना ताटाकडे पाहिलं नाही. भाजी बदलली होती तेही त्यांना कळलं नाही.

डबा बसवायला कंपनीचा माणूस आला, त्याचं नाव राहुल. कोहक्याचा, चाळिशीचा, पोट सुटलेला, तीन पोरांचा बाप. डबा कुठे लावायचा यावरून दुपार गेली. मारोतरावांना तो फाटकापाशी हवा होता, कारण सिग्नल स्टेशनाच्या बाहेरच असतो. मनकर्णाबाईंचं म्हणणं, त्याच्या लहरींनी दुधाला विरजण लागत नाही, तेव्हा कोणाच्याही स्वयंपाकघराच्या भिंतीला नको. बेबीताईंनी फळ्यावर वर्तुळं काढून त्यांच्या छेदनबिंदूवर डबा असावा हे सिद्ध केलं. तो बिंदू नेमका त्यांच्या दिवाणखान्यात आला. राहुलनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जिथे स्विचबोर्ड होता तिथे डबा ठोकला.

आणि नेट आलं. खरोखर आलं. मनकर्णाबाई पलंगावरून गंगेची आरती पाहू लागल्या. मारोतराव दिवसभर चालत्या गाड्यांचं स्थान बघत आणि कुठली किती उशिरा आहे ते जिन्यातून ओरडून सांगत. दही लागलं.

अडचण एवढीच झाली की समाजभवनातला स्विच सार्वजनिक होता. कुणी चष्मा लावून बघितल्याशिवाय बटण दाबी, कुणी वीज कडाडली की डबा बंद करून ठेवी आणि सांगायला विसरे. एकदा भजनी मंडळानं त्याच प्लगवर चहाची किटली लावली आणि दोन्ही ब्लॉक तासभर अंधारात चाचपडले. तेव्हा पंजाबरावांनी आपल्या आयुष्यातली सगळ्यांत उत्तम गोष्ट ‘विसावा’त आणली. ती म्हणजे लाल टॅग.

प्लांटमध्ये कुठल्याही यंत्रावर काम करायचं तर आधी शटडाऊन घ्यायचा, स्विच बंद करायचा आणि त्यावर आपला लाल टॅग बांधायचा. ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो काढायचा. साहेब येवो, साहेबाचा साहेब येवो, दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. चार गँग काम करत असतील तर चार टॅग लागतात आणि चारही निघाल्याशिवाय करंट सुरू होत नाही. एकदा एक फिटर टॅग काढायचं विसरून घरी जेवायला गेला, तेव्हा अख्खी लाइन त्याच्यासाठी थांबली आणि जीप पाठवून त्याला भाकरीसकट आणलं, ही गोष्ट पंजाबराव अशी सांगत की ऐकणाऱ्याला त्या फिटरचा हेवा वाटावा.

त्यांनी जुन्या लाल फाइलीचं पुठ्ठ्यासारखं प्लास्टिक कापून डझनभर टॅग केले. त्यावर प्लांटच्या हिंदीत लिहिलं, ‘काम चालू है. स्विच न छुएँ.’ खाली नाव आणि वेळ यांसाठी दोन रेघा. टॅग पेढ्याच्या डब्यात घालून डबा राउटरशेजारी ठेवला आणि सभेत वीस मिनिटं भाषण केलं. प्लांटवाल्यांचे डोळे भरून आले. मारोतरावांनी रेल्वेत याला ब्लॉक म्हणतात, असं सांगून आपला वाटा उचलला. त्या दिवसापासून स्विचला कुणी विनाकारण बोट लावलं नाही. माणसाला साठीनंतर नवीन काही शिकवता येत नाही म्हणतात. पण जुनं शिकलेलं जागं करता येतं, आणि ते तर आणखी धोक्याचं.

आता पोरांना कळवायचं होतं. पंजाबरावांनी अभिनवला व्हिडिओवर फोन लावला, म्हणजे पुरावाच. अभिनव म्हणाला, वा बाबा, कमाल केली, स्पीड किती आहे? पंजाबरावांना माहीत नव्हतं. राहुलला बोलावून मोजून घेतलं आणि कळवलं. अभिनव म्हणाला, यह तो डाउनलोड हुआ, अपलोड? तेही मोजलं. चांगलं निघालं. मग अभिनवनं आणखी एक इंग्रजी शब्द विचारला, तो पंजाबरावांनी तळहातावर पेनानं लिहून राहुलला दाखवला, आणि राहुल म्हणाला, काका, हा तर हैदराबादपेक्षा चांगला आहे. तसं कळवलं. पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज आला. मग अभिनव म्हणाला, “ठीक है बाबा, देखता हूँ.”

“येतो म्हणाला,” पंजाबरावांनी घरात सांगितलं.

“येतो म्हणाला का देखता हूँ म्हणाला?”

“हिंदीत एकच होते.”

अंजनाबाईंनी महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून पुसायला घेतले होते. ज्येष्ठेच्या नाकावरून त्यांनी फडका पुन्हा एकदा फिरवला.

त्याच आठवड्यात ‘विसावा’त तक्रारी सुरू झाल्या. गंमत अशी की तक्रारी वापरणाऱ्यांच्या कमी आणि पोरांना फोन करून आलेल्यांच्या जास्त. मारोतराव म्हणाले, मोहितच्या मते या कंपनीचं नेट भरवशाचं नाही. बेबीताईंनी सांगितलं, टीनाला सिग्नलच्या पाच दांड्या लागतात, आपल्याकडे बेडरूममध्ये चारच येतात. मनकर्णाबाईंचा प्रवीण म्हणाला होता की म्हाताऱ्यांच्या सोसायटीत नेट सुरक्षित नसतं. म्हणजे काय, हे त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे तो कामात आहे. जो तो पंजाबरावांना असं बोलू लागला की जणू त्यांनी घरात बसून स्वतःच्या हातानं वाईट नेट विणलं आहे.

आणि महालक्ष्म्यांना नऊ दिवस उरलेले असताना सकाळी समाजभवनातला स्विच बंद आढळला. त्याला लाल टॅग बांधलेला. नावाची रेघ कोरी, वेळेची रेघ कोरी.

पंजाबरावांना पहिल्यांदा आनंद झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पद्धत रुजली होती. काम चालू असेल, होईल, निघेल टॅग. संध्याकाळपर्यंत निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर शेजारी दुसरा टॅग. तिसऱ्या दिवशी तिसरा. चौथा त्याच दुपारी दिसला. कुणावरच नाव नाही. चार टॅग वाऱ्यानं हलत होते आणि स्विच दिसेनासा झाला होता.

राहुल येऊन बघून गेला. त्यानं बटणाकडे बोट नेलं तर पंजाबराव आडवे झाले.

“काका, फक्त बटन दाबायचं आहे.”

“टॅग हाये.”

“अरे, तो तर तुम्हीच बनवला ना.”

“बनवला मी. बांधला मी नाही.”

राहुलनं समजावलं की हा प्लांट नाही, आत कुणी माणूस अडकलेला नाही, बटण दाबलं तर कुणाला काही होणार नाही. पंजाबराव म्हणाले, सगळे असंच म्हणतात. राहुल निघून गेला. जाताना त्यानं मोबाइलवर त्या टॅगांचा फोटो काढला. तो कंपनीच्या ऑफिसात आजही लोकांना दाखवतो म्हणे.

पंजाबरावांनी तपास हाती घेतला. घरोघर गेले. नवल म्हणजे कालपर्यंत पाच दांड्यांसाठी भांडणारी माणसं आता साधूसारखी शांत होती. मारोतराव म्हणाले, ब्लॉक घेतला असन कोणी, घाई कावून करता? बेबीताईंनी चकल्या पुढे केल्या आणि नियम म्हणजे नियम, असं त्यांनाच त्यांचं भाषण परत ऐकवलं. मनकर्णाबाईंनी तर मुलगा फार चौकशी करतो, नेट कधी सुरू होतं म्हणून रोज विचारतो, आलाच असता, असं इतक्या समाधानानं सांगितलं की पंजाबरावांना त्यांच्या गालावर तेज आल्यासारखं वाटलं. सबंध ‘विसावा’च्या पोरांचं प्रेम चार दिवसांत पूर्ववत झालं होतं.

ते परत समाजभवनात आले आणि टॅगांकडे मेन्टेनन्सच्या नजरेनं पाहू लागले. नाव नसलं तरी गाठ असते. एक गाठ झेंडीच्या काठीला मारतात तशी, ओढताच सुटणारी. एक टॅग विणकामाच्या राणी रंगाच्या लोकरीनं बांधलेला. एक इतक्या समान अंतराच्या तीन वेढ्यांनी की शेजारी पट्टी ठेवून मोजावं. आणि पहिला, सगळ्यांत खालचा, हळदीत पिवळ्या केलेल्या सुतानं. असं सूत महालक्ष्म्यांच्या दिवसांत कुठल्याही घरात सापडतं, असं पंजाबरावांनी ठरवलं, आणि घरी जाऊन महालक्ष्म्यांच्या सुताची पुडी कुठे आहे ते विचारलं नाही.

पाच दिवस उरले तेव्हा अभिनवचा फोन आला. पंजाबराव टाकीजवळ उभे राहिले.

“बाबा, ट्रेन का देख ही रहा था. नेट चालू है ना?”

आयुष्यात त्यांनी लॉगबुकात एक खोटी ओळ लिहिली नव्हती. आणि आताही जे सांगितलं ते अक्षरशः खरंच होतं. “नाही रे. शटडाऊन हाये.”

“अरे यार,” अभिनव म्हणाला. “नहीं तो पक्का आता, बाबा. हर्षा तो पीछे ही पड़ी थी.” त्याचा आवाज असा निघाला, जशी कुणी हातातली जड पिशवी ओट्यावर ठेवावी. मग तो बराच वेळ प्रेमानं बोलला. गुडघ्याची चौकशी केली, आईला फोन द्यायला सांगितला, गेल्या तीन वर्षांत विचारलं नव्हतं एवढं विचारलं. पंजाबराव जिना उतरून खाली आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही बरं वाटतं आहे. याचा त्यांना राग आला. राग कुणावर काढायचा ते मात्र ठरेना.

दुपारी सगळे झोपले असताना ते समाजभवनात गेले. पेढ्याच्या डब्यातून एक टॅग काढला. हे स्पष्ट करायला हवं की हा टॅग निव्वळ तपासणीसाठी होता. चार अनोळखी टॅग असलेल्या यंत्राची सुरू करण्याआधी जबाबदार माणसानं तपासणी करायलाच हवी, आणि तपासणी चालू असताना त्याचा स्वतःचा टॅग हवाच. त्यांनी तो काळ्या इन्सुलेशन टेपच्या तीन वेढ्यांनी बांधला. नावाच्या रेघेवर पेन टेकवला, आणि शाई सुकली असेल, असं समजून न लिहिताच उचलला.

पण माणूस आतून सरकारी असला की त्याला स्वतःचीच फाइल टोचते. महालक्ष्म्यांना दोन दिवस उरले असताना त्यांनी सभा बोलावली. राहुललाही बोलावलं, बाहेरचा साक्षीदार म्हणून. अंजनाबाई रात्रीच्या भाजीचा लाल भोपळा चिरायचा सोडून हाताला वास घेऊन आल्या आणि भिंतीशी बसल्या. मारोतराव खुर्चीवर होतेच.

पंजाबराव उभे राहिले. ज्याचा टॅग त्यानं तो काढावा, नेट सुरू व्हावं, आणि ज्याला ज्याला आपल्या पोरांना बोलवायचं आहे त्यानं आज रात्रीच बोलवावं, कारण अजून गाड्या आहेत. एवढंच ते बोलले. पंखा फिरत राहिला. राहुल शिडीला टेकून कधी एका म्हाताऱ्याकडे, कधी दुसऱ्या म्हातारीकडे पाहत होता.

मनकर्णाबाई उठल्या. काठी बेबीताईंच्या हातात दिली आणि राणी रंगाची लोकर सोडवू लागल्या. गाठ सुटेना. बेबीताई मदतीला गेल्या, त्यांनी ती सोडवली, आणि तिथेच उभ्या आहोत तर म्हणून आपली तीन समान वेढ्यांचीही सोडवून घेतली. मारोतरावांनी खुर्ची न सोडता हात लांब केला. हात पोचेना. उठावं लागलं. त्यांची गाठ एका ओढीत सुटली, आणि सुटल्यावर ती त्यांनी झेंडी गुंडाळावी तशी बोटाभोवती गुंडाळली.

हळदीचं सूत उरलं होतं. पंजाबराव त्याच्याकडे पाहत नव्हते. अंजनाबाई पदराला हात पुसत आल्या, सूत दातानं तोडलं आणि टॅग काढून कमरेला खोचला.

स्विचवर आता एकच टॅग राहिला. काळ्या टेपचा. ही टेप ‘विसावा’त एकाच घरात आहे आणि सगळ्यांच्या गळक्या नळ्यांना, तुटक्या काठ्यांना, चष्म्याच्या दांड्यांना तीच लागलेली आहे. सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. मारोतरावांनीसुद्धा.

पंजाबराव स्विचपुढे आले. “हा तपासणीचा हाये,” ते म्हणाले. “तपासणी बाकी हाये अजून. लोड पाहा लागन, स्पीड पाहा लागन. अपलोड दोनदा मोजल्याबिगर मी कसा काढू? तिकडून पोट्टा येऊन बसला अन् त्याले इथी अडचण झाली तं…”

“अजी, झाली तपासणी,” अंजनाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण समाजभवन लहानच आहे. “नेट चांगलं हाये. पयल्या दिवसापासून चांगलं हाये. अभिनवलेच यायचं नाही.”